सांता रुफिनाचं बिनगवताचं मैदान

ओवाये,
२० जुलै १९९७

ती. एर्सिलियाताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र इथल्या पोस्टात माझ्या आधी येऊन बसलं होतं. मी खुशाल आहे. गोल्फ मात्र खुशाल नाही.

कालच्या मैदानावर दुसऱ्या होलच्या अगदी तोंडाशी गाय बसली होती. राखणदाराला म्हटलं, हिला उठव. तर तो म्हणाला की ती गाभण आहे, तिला त्रास नको, डॉक्टरसाहेबांनीच जरा वळसा घ्यावा. घेतला. पुढच्या होलमध्ये चेंडू पडला तो निळा होऊन बाहेर आला, कारण होल म्हणून रंगाचा जुना डबा पुरला होता आणि तळाशी रंग शिल्लक होता. त्याआधीच्या गावात तर चौथ्या होलच्या वाटेवर कुणी कांदे लावलेले. मी तक्रार केली. तिथला माणूस शांतपणे म्हणाला की गोल्फवाले रविवारी येतात, कांदा रोज लागतो. तीस वर्षं लोकांचे दात काढले, पण या माणसानं माझेच माझ्या घशात घातले.

उद्या आणखी उत्तरेला जातो. सांता रुफिना म्हणून खाणीचं एक गाव आहे. तिथलं मैदान देशात सगळ्यांत वाईट, असं दोघातिघांनी सांगितलं. म्हटलं, मग बघायलाच हवं.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहे तसा राहू दे, निदान त्यावर तरी गाय बसायला नको.

तुझा,
कुस्तोदियो

०

कास्त्रो, चिलोए,
२ ऑगस्ट १९९७

चि. कुस्तोस अनेक आशीर्वाद.

तुझी पत्रं वाचून हसते, आणि हसून झालं की घडी घालताना हात थांबतो. गुडघ्याचं विचारू नको. बेटावरच्या पावसाला माझ्या गुडघ्यातच घर मिळालंय. डुकरीण व्यायली, पिल्लं गुटगुटीत आहेत.

आता मोठी बहीण म्हणून विचारते, राग आला तरी चालेल. एप्रिलात नोएमीला माती दिलीस, स्मशानातून परस्पर घरी गेलास, मे महिन्यात घराला कुलूप घातलंस आणि गाडीत बसलास, तो अजून उतरला नाहीस. तुझ्या पत्रांत गाई आल्या, कांदे आले, रंगाचे डबे आले. बायकोचं नाव एकदाही आलं नाही. कोंकोनला घराजवळ समुद्राकाठी तुमचं ते मैदान आहे. एकदा त्या गवतावर अनवाणी चालले तर लाज वाटली होती मला, दुसऱ्याच्या बिछान्यावर पाय दिल्यासारखी. ते टाकून हे दगडधोंडे कशाला धुंडाळतोस? वाईट गवतच हवं असेल तर माझ्या बटाट्याच्या वाफ्यात भरपूर आहे. ये आणि उपट.

खरं उत्तर दे. नाहीतर मी बोटीत बसेन आणि तू असशील तिथे येईन, माझं तुला ठाऊक आहे.

तुझी काळजी वाहणारी,
ताई

०

सांता रुफिना,
२१ ऑगस्ट १९९७

ती. ताईस शि. सा. न.

खरं उत्तर मागितलंस ना, घे. आमच्या त्या मैदानावर मी मे महिन्यात एकदा गेलो होतो. प्रत्येक होलपाशी ती उभी दिसते. वाईट मैदानावर ती येत नाही, कारण असल्या ठिकाणी मी तिला कधी नेलंच नव्हतं. म्हणून शोधतो. यापुढे हा विषय नको.

इथलं ऐक. वाटेत आणखी तीनचार मैदानं करत गेल्या आठवड्यातच पोचलो. लोक खोटं बोलले नव्हते. या मैदानावर गवताची काडी नाही. नुसती पिवळी माती, खडे, आणि होलभोवती वाळूवर काळं तेल ओतून केलेली वर्तुळं. क्लबच्या अध्यक्षा दोन्या सुनिल्दा गावात औषधांचं दुकान चालवतात, मी त्यांच्याच मागच्या खोलीत राहतो. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात हिरव्या सतरंजीचा वीतभर तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, हे तुमचं गवत, सांभाळा. चेंडू जिथे पडेल तिथे तुकडा अंथरायचा, त्यावर चेंडू ठेवून मारायचा, की पुन्हा काखोटीला. मी दिवसभर त्या मातीला शिव्या घातल्या. संध्याकाळी नाकातोंडातून तीच बाहेर येत होती. निघायचं ठरवून पेटी भरली.

आणि रविवारी पाऊस आला. ताई, तू हसशील. पण इथे वर्षानुवर्षं पडत नाही. घरांची छपरं सपाट, गळणार हे कुणी गृहीतच धरलेलं नाही. पहिले थेंब पडले तशी माणसं आत पळायची सोडून बाहेर आली. सगळं गाव त्या मैदानावर जाऊन उभं राहिलं. पुरुषांनी टोप्या काढल्या. एक बाई हात पुढे करून नुसती तळहाताकडे बघत होती. मी छत्री उघडली होती, ती मिटली.

रस्ता वाहून गेलाय. म्हणून अडकलोय. माझ्या पलंगावर दोन बादल्या आहेत, मी कडेला झोपतो.

लोभ असू दे.

कुस्तो

०

कास्त्रो,
४ सप्टेंबर १९९७

चि. कुस्तोस आशीर्वाद.

इथे तो रोज पडतो रे, कुणी टोपी काढत नाही! शेजारणीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझ्या भावाला म्हणावं, हवा तेवढा घेऊन जा.

पण नाव नाही लिहिलंस तरी तिच्याबद्दल लिहिलंस, तेवढ्यानं मला बरं वाटलं. विषय नको म्हणालास. बरं, नको. फक्त एक सांगते. तुमच्या कोंकोनच्या शेजाऱ्यांचा फोन आला होता. अंगणातली तिची रोपटी त्यांनी जगवली आहेत, पण घर आतून कोंदटलंय म्हणाले. रस्ता झाला की कुठे जाणार, ते कळव. आणखी वाईट मैदान उरलंय का कुठे?

बादल्या वेळेवर ओत. सर्दी झाली तर लिंबाचा रस गरम करून घे.

ताई

०

सांता रुफिना,
२२ सप्टेंबर १९९७

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

कुठून सुरुवात करू कळत नाही. रस्ता झाला तेव्हा मी गाडीत पेटी ठेवलीही होती. दोन्या सुनिल्दा दुकानातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, थोडं थांबा. मी म्हटलं, कशासाठी, तुमच्या सतरंजीसाठी? त्या हसल्या. खेळू नका हवं तर, म्हणाल्या, नुसतं बघा.

आधी मातीवर बुरशीसारखी पुसट हिरवी झाक आली. मला वाटलं चष्मा मळलाय. पुसला, तरी ती गेली नाही. मग ठिपके दिसू लागले. आणि एका सकाळी मी पहिल्या होलच्या चौथऱ्यावर चढलो आणि तसाच उभा राहिलो. मैदान नव्हतंच. जिथवर नजर जाते तिथवर, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत, जांभळं होतं. मध्ये अन्यान्युकाच्या लाल फुलांचे पट्टे, आणि कडेनं फिकी निळी फुलं. त्यांना इथे सुस्पिरो म्हणतात, म्हणजे उसासे. वारा आला की घोड्याच्या पाठीवर शहारा उठावा तसा सगळ्या जमिनीवर शहारा उठायचा. आणि गुणगुण! इतक्या मधमाश्या कुठून आल्या? या गावात मी तोवर माशी पाहिली नव्हती. काळी वर्तुळं तेवढी उघडी राहिली होती, झेंडे फुलांतून डोकं काढून उभे. ताई, मी देवळात फारसा जात नाही, पण तिथे माझा आवाज आपोआप खाली आला.

अठरा तारखेला, राष्ट्रीय सणाला, क्लबची वर्षाची स्पर्धा असते. खाणीतला एक जाडजूड इंजिनियर वर्षभर सराव करून आला होता. स्पर्धा रद्द म्हटल्यावर तो खवळला, म्हणाला फुलांसाठी कुणी खेळ थांबवतं का. काठी घेऊन तरातरा निघाला. पहिलं पाऊल टाकायला जागा शोधली, सापडेना. पाय हवेत धरून जरा वेळ उभा राहिला. मग मागे फिरला, खाली बसला आणि बूट काढले. कुणी त्याला हसलं नाही. पुष्कळांचे बूट आधीच निघाले होते.

एलेउतेरियो म्हणून एक म्हातारे आहेत, सारा जन्म खाणीत गेलेला. ते कुणाला उद्देशून नव्हे, आपल्याशीच बोलले, की हे सगळं खालीच होतं. आपण त्यावरून सतरंज्या घेऊन फिरत होतो. त्याच जमिनीला मी काय काय बोललो होतो.

दोन्या सुनिल्दा खिमा भरलेल्या गरम एम्पानादा वाटत होत्या. त्यांनी सहज विचारलं की हे कुणाला दाखवावंसं वाटतं तुम्हाला? मी म्हटलं, नोएमीला. एप्रिलापासून पहिल्यांदा नाव घेतलं. इतक्या मोठ्यानं निघालं की शेजारचे वळून बघायला लागले. आणि मग मी थांबेच ना. तिला आकाशात फुगे सोडायला का आवडे, पिकलेल्या अंजिराला ती कशी घाबरायची, शेवटच्या आठवड्यात तिनं मला केस कापून ये म्हणून कसं दटावलं, सगळं त्या परक्या बाईला सांगत सुटलो. रडत होतो हे मला नंतर कळलं. त्यांनी समजूत घातली नाही. एम्पानादाचा अर्धा तुकडा माझ्या हातात दिला, उरलेला स्वतः खाल्ला, आणि दोघं बघत उभे राहिलो.

ताई, माझं चुकलं होतं. असल्या मैदानावर ती येत नाही असं वाटायचं मला. आली. पण आता तिच्यापासून पळावंसं वाटलं नाही.

फुलं आणखी काही आठवडे टिकतील, मग बी मातीत जाईल आणि मैदान पुन्हा होतं तसं भिकार होईल. पुढचा पाऊस कधी, कुणाला ठाऊक नाही. कुणाला त्याचं दुःखही दिसत नाही. स्पर्धा डिसेंबरात घेऊ म्हणतात. मला बोलावलंय, येईनही.

त्याआधी घरी जातो. तू मागे बोटीत बसेन म्हणाली होतीस ना, मग खरंच बस. गुडघा दुखत असेल तर सावकाश ये, मी कोंकोनच्या बसथांब्यावर थांबेन, कितीही वेळ. घरापर्यंत आपण चालत जाऊ. दार मीच उघडीन. तू नुसती माझ्या पाठीशी उभी राहा.

तुझ्या लोभावर आजवर जगलो, यापुढेही जगेन.

तुझा धाकटा,
कुस्तोदियो