साराला कुणी सांगितलं?

९ जानेवारी, शुक्रवार

अब्राहामाने आज पुन्हा पोराला बांधलं — आमच्या फ्रिजसमोर! अठरा तारखेला मंडळात ह्यांचं भाषण, त्याची ही तालीम. विषय — ‘यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांतलं बलिदान’. सुरी म्हणून माझं लाटणं नेलं. पोळ्या हातानेच थापू का?

१० जानेवारी

आल्हादला नोकरी लागली! गोव्याहून सुटणाऱ्या जहाजावर, स्वयंपाकघरात. ह्यांनी तिथल्या तिथे निकाल लावला — “एकुलता एक आहेस. इंदूरच्या पुढे नाही. बँकेची परीक्षा दे.” आणि वळून फ्रिजला म्हणाले, “देवाने एकुलता एक, लाडका मुलगा मागितला — आणि अब्राहाम, सभ्य गृहस्थहो, निमूट उठला!”

मला हसू आवरेना. आल्हाद जेवला नाही.

१२ जानेवारी

मला आता सगळं पाठ. यहुदी गोष्टीत ऐन वेळी देवदूत अडवतो, झुडपात मेंढा सापडतो, अब्राहामाचा मुलगा इसहाक वाचतो. म्हणून ते तिला ‘बांधणं’ म्हणतात. ख्रिस्ती गोष्टीत अडवायला कुणी येत नाही. देवाचा मुलगा येशू जातोच, बळीचं कोकरूही तोच. लाकूड मात्र दोघांनी आपापलं वाहिलं — इसहाकाने सरपण, येशूने क्रूस.

मी विचारलं, “येशूची आई क्रुसापाशी उभी होती. इसहाकाची आई? साराला कुणी सांगितलं?”

“ग्रंथात तसं काही नाही.”

“म्हणजे न सांगताच पहाटे पोराला नेलं?”

“प्रतिभा, पंधरा मिनिटंच आहेत मला!”

हे खरं. मंडळाचे सेक्रेटरी यज्ञेश्वरजी बजावून गेलेत — “सुहासजी, पंधरा मिनटात निपटवा हं. पोहे गार होतात.”

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दिला. बापलेक गोड सोडा, बोललेच नाहीत.

१५ जानेवारी

“आई यार, बाबा मानणारच नाहीत. सोमवारी पोचायचंय.”

मला तरी कुठे पाठवायचंय? समुद्र! ह्या पोराला क्षिप्रेत पाय बुडवायलासुद्धा मी हात धरून न्यायची. मोरी धुता धुता पोटभर रडले. मग माळ्यावरची बॅग काढली.

१८ जानेवारी, रविवार

भाषण झालं. पस्तीस मिनिटं! यज्ञेश्वरजी पोह्यांची पातेली उघडून उघडून दाखवत होते. शेवटी फ्रीगंजच्या गौरीताईंनी विचारलं, “सुहासजी, देवाने तुमचा आल्हाद मागितला तर?”

“आधी रीतसर अर्ज करावा लागेल,” हे म्हणाले. सगळे हसले. हे नाही.

उद्या हे पहाटे फिरायला गेले की मी आणि आल्हाद निघणार. नानाखेड्याहून इंदूरची पहिली बस, पुढे त्याचं विमान. ह्यांना सांगितलेलं नाही. अब्राहामाला मी आठवडाभर नावं ठेवली — आणि आता मी तेच करतेय! सांगितलं असतं तर साराने जाऊ दिलं असतं का?

१९ जानेवारी

आल्हादने बॅग मला उचलू दिली नाही. नानाखेड्याला पोचलो, तर स्टँडच्या बाकावर हे. कानटोपी घातलेली, मांडीवर लवंगी शेवेची दोन पाकिटं. “जहाजावर कसलं खायला मिळतं कोण जाणे,” म्हणून ती आल्हादच्या हातात कोंबली. बस दिसेनाशी झाली तरी हात हलवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “साराला ठाऊक असणार गं. लिहिणाऱ्याने विचारलं नसेल.”