कालव्यावरचा म्हातारा

३ मार्च, सोमवार
बाबांच्या उजव्या डोळ्यात काळा पडदा चढतोय. शनिवारपासून. आज सांगितलं. "मला वाटलं चष्मा खराब आहे. पुसत होतो."
चांगला डोळा हाच. डावा लहानपणी विटी लागून गेला. त्यातून फक्त उजेड-अंधार कळतो.
अमोलनं मीटिंग कॅन्सल केली. ड्राइव्ह मी केलं, तो मागे बसला. रस्त्याच्या कडेला अजून बर्फ. बाबा माझ्या शेजारी बसून मुलाला चिडवत होते. "पोरगा मागच्या सीटवर, सून गाडी चालवून राहिली. चांगलंच आहे."
रेटिना, डोळ्याच्या आतला पडदा, सुटलाय. परवा ऑपरेशन.
बाबांनी डॉ.ना एकच विचारलं. चित्र काढता येईल का? डॉ. म्हणाल्या, आधी डोळा वाचवू.
घरी आल्यावर ते बेसमेंटमध्ये गेले. धुण्याच्या मशीनशेजारी त्यांचा कॅनव्हास आहे. इथल्या विहारासाठी बुद्धाचं चित्र, चौदा एप्रिलला लावायचं. हात राहिलेत. आयुष्यभर नागपूरच्या शाळेत ड्रॉइंग शिकवलं आणि अजून म्हणतात, हात सगळ्यात अवघड. बराच वेळ खाली होते. मी बोलवायला गेले नाही.

५ मार्च, बुधवार
झालं. डॉ. म्हणाल्या, चांगलं झालं. किती दिसेल ते आज सांगता येत नाही.
डोळ्यात गॅसचा फुगा सोडलाय. तो वर तरंगतो. मान खाली ठेवली की रेटिना जागेवर दाबून धरतो. म्हणून आठवडाभर तोंड जमिनीकडे. जेवताना, झोपताना, सगळं. गॅस विरेपर्यंत विमान नाही. मनगटाला हिरवा पट्टा बांधलाय, त्यावर तसं लिहिलंय.
बाबांचं एप्रिलच्या सुरुवातीचं परतीचं तिकीट पुढे ढकललं. बाबा उशीत तोंड घालून म्हणाले, "म्हणजे चौदा एप्रिलला मी नागपुरात नाही." असं पहिल्यांदाच.
मग, जरा वेळानं: "दिसणं परत आलंच नाही तर?"
मी औषधाची बाटली हलवत होते. हलवतच राहिले.

६ मार्च
शेजारच्या डोनाच्या गॅरेजमध्ये खुर्ची निघाली. मालिशवाल्यांकडे असते तशी, तोंड ठेवायला भोक असलेली. तिच्या नवऱ्याचं हेच ऑपरेशन झालं होतं. तो गेला तरी तिनं खुर्ची टाकली नाही. व्हिनेगरनं पुसली, आणि अमोलसोबत बर्फातून ओढत आणली. सत्तरीच्या पुढची बाई.
बाबांना तिचे फक्त बूट दिसले, तेही डाव्या डोळ्यानं, काळे ठिपके. "थँक यू मॅडम. नाइस शूज."
ती इतकी हसली की बसावं लागलं तिला.
आपण कोणाला खुर्ची ठेवून देतो का अशी? मी जुन्या वस्तू नेणाऱ्या देणगीच्या ट्रकमध्ये टाकून मोकळी झाले असते.

७ मार्च, शुक्रवार
बाबा कंटाळले. मागच्या आठवड्यात त्यांनी लायब्ररीतून एक जुना सिनेमा आणला होता. ब्लॅक अँड व्हाइट, लढाईच्या काळातला. कव्हरवर बोट आणि लाकडी पेट्या, पेट्यांत चोरलेली चित्रं. चित्रांची चोरी म्हणून उचलला. भाषा युरोपातली, आम्हा दोघांनाही येत नाही. खाली इंग्लिश सबटायटल्स.
"लाव."
"बाबा, दिसणार कसं?"
"तू काय करून राहिली? तू सांग."
तर मी सोफ्यावर, ते खुर्चीच्या भोकात तोंड घालून माझ्या पायांशी. मी सांगत गेले.
शत्रूचं सैन्य शहर सोडून पळतंय. जाताना म्युझियममधली चित्रं नेतंय, बोटीत भरून, कालव्यानं. कालव्यावर ठिकठिकाणी मोठाले दरवाजे. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी चढू किंवा उतरू द्यायचं, मग पुढचं दार उघडायचं. दरवाजे राखणारे आपसांत ठरवतात की बोट पोचू द्यायची नाही. बंदुका नाहीत. नुसता उशीर करायचा. चावी सापडत नाही, साखळी अडकते, पाणी उतरतच नाही.
पहिल्या दारावर एक म्हातारा आहे. लंगडा, तोंडाळ, कोंबड्या पाळतो. सैनिकांना म्हणतो, माझी कोंबडी अंड्यावर बसलीय, आवाज करू नका.
बाबा खुर्चीतून हसले. मान हलली. मी ओरडले.
"हा आपल्या मोहल्ल्यातला आहे," म्हणाले.
ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले.

८ मार्च, शनिवार
म्हाताऱ्याला मारलं. सिनेमाच्या मध्यावर, त्याच्याच दाराशी, भिंतीला उभं करून. मी बघत होते आणि बाबा खालून विचारत होते, "आता? आता काय?"
गोळी वाजली.
मी म्हणाले, "दार आपटलं."
तन्वी जिन्यात फोन बघत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आई, दॅट्स नॉट व्हॉट हॅपन्ड." मी तिच्याकडे बघितलं. ती उठून खोलीत गेली. चौदा वर्षांची आहे. पुरेसं कळतं.
बाबांनी खुर्चीतून एक पाय लांब केला. मग म्हणाले, "जड दार आहे."
पुढे सिनेमाभर तो नसणार. मी टी.व्ही. बंद केला. बाकीचं उद्या.
मी असं का केलं? साहित्याचं शिक्षण घेतलेली बाई. लेखकाच्या मजकुरात हात घालणाऱ्यांवर वर्गात तावातावानं बोलायचे. पण ऐकणारा माझ्या पायांशी बसला होता.

९ मार्च, रविवार
इथे उन्हाळ्यासाठी आज घड्याळं एक तास पुढे करतात. बाबा: "तेवढाच एक तास कमी झाला शिक्षेतला."
विहारातल्या मेश्राम काकू आल्या, कोथिंबिरीची सांबारवडी घेऊन. "जय भीम भाऊजी. तोंड दाखवायलाही तयार नाही तुम्ही?"
"जय भीम. तुम्हीच या खाली."
काकू खरंच गालिच्यावर आडव्या झाल्या आणि खालून त्यांच्याकडे बघून हात जोडले. वय, गुडघे, साडी, कशाचाही विचार न करता. मग वड्यांचे बारीक तुकडे करून भरवले. चुरा सगळा गालिच्यावर. "राहू दे पोरी, मी झाडते."
संध्याकाळी पुन्हा सिनेमा. दुसरा दरवाजा. तिथे एक बाई आहे, ती सैनिकांना सूप पाजून झोपवते. मी नीट सांगत होते. बाबांनी मध्येच विचारलं, "आणि तो म्हातारा काय करून राहिला?"
मी म्हणाले, "घरी आहे. जाळं विणतोय."
"कोंबड्या?"
"आहेत."
"अंडी फुटली का?"
"दोन."
नसलेली पिल्लं मोजतेय मी.

१० मार्च
ऑफिसचं काम घरून. दिवसभर चाचण्या, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. संध्याकाळी स्वतः चुका घालायच्या.
तिसरा दरवाजा. बाबा पुन्हा: "म्हातारा?"
"भिंत सारवतोय."
"काल जाळं विणत होता ना? अर्धंच टाकलं?"
"पावसात भिंत पडली बाबा."
"हं. मग आधी भिंत."
असे प्रश्न विचारतात की मला अख्खा माणूस तयार करावा लागतो. त्याची बायको वारली आहे. त्याला खोकला आहे. तो दुसऱ्या दारावरच्या बाईला अंडी पाठवतो. बाबांनी लगेच विचारलं, "नुसती अंडीच?"
अमोल किचनमधून हसला. किती दिवसांनी. रात्री तोच बाबांजवळ झोपतो, जमिनीवर. मान वळली की हलकेच सरळ करतो.

११ मार्च, मंगळवार
डोना बसली सिनेमाला. काल उरलेलं सूप घेऊन आली होती, म्हटलं थांब. तिला कुठवर आलोय ते कळावं म्हणून तन्वीनं सिनेमा मागे नेला. फार मागे नेला. पुन्हा ती भिंत, पुन्हा गोळी.
डोना पुटपुटली, "पुअर मॅन."
बाबांना तेवढं इंग्लिश येतं. "व्हाय पुअर?"
मी घाईनं: "सर्दी झालीय त्याला."
 मग बाबा मोठ्यानं, डोनासाठी, "कोल्ड! ही हॅज कोल्ड."
डोनानं माझ्याकडे बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. ती म्हणाली, "येस. अ टेरिबल कोल्ड." जाताना दारात माझा हात बराच वेळ धरून ठेवला. तिनंही तिच्या नवऱ्याला त्या खुर्चीत काय काय सांगितलं असेल. विचारलं नाही.

१२ मार्च, बुधवार
सिनेमा संपला. बोट शेवटच्या दारात अडकते. सैन्य ती तशीच टाकून पळतं. पेट्या काठावर. दरवाजे राखणारे त्यांच्यावर बसून ब्रेड खातात. पेटी एकही उघडत नाहीत.
"चित्र एकदाही दाखवलं नाही?"
"नाही."
"त्यांनी पाहिलंच नाही कोणी?"
"नाही बाबा."
मग बाबांनी माणसं किती गेली, विचारलं. मी खऱ्यापेक्षा कमी सांगितली.
"आणि म्हातारा?"
"कोंबड्यांना दाणे टाकतोय."
"बरं झालं," म्हणाले. "बरं झालं पोरी."

१३ मार्च
मान वर करायला परवानगी. आठवड्यानंतर बाबांचा चेहरा समोरून पाहिला. सुजलेला, खुर्चीचे वळ उमटलेले. उजव्या डोळ्यानं दिसत काही नाही. "धुकं. त्यात काहीतरी हललं. तू होतीस का?"
होते.

२४ मार्च, सोमवार
चहा घेताना एकदम म्हणाले, "वर खिडकी आहे."
फुगा विरतोय. वरच्या बाजूला पट्टीएवढं दिसतं, खाली पाण्यासारखं काहीतरी डुचमळतं. मान हलवली की रेघ हलते. तन्वीला बोलावून सांगितलं, "मी कालव्यात उभा आहे. पाणी उतरून राहिलं."
"हाऊ मच, आजोबा?"
"तुझ्या केसांपर्यंत आलं. नाक अजून बुडालेलं आहे."
ती दर तासाला येऊन समोर उभी राहते. नाक निघालं का विचारते. रोज मराठीत एवढं बोलत नाही.
अमोल गाडीत जाऊन रडला. मी बघितलं, त्याला माहीत नाही.

५ एप्रिल, शनिवार
पाणी बरंच खाली. पण जे दिसतं ते वाकडं. दाराची चौकट मध्ये पोट आल्यासारखी दिसते, म्हणतात. डॉ. म्हणतात, काही महिन्यांत सरळ होईल. किंवा तसंच राहील. सांगता येत नाही.
काही न दिसण्यापेक्षा वाकडं दिसणं. खूप आहे. हे मी म्हणते. 
बाबा बेसमेंटमध्ये गेले, लगेच वर आले. मेश्राम काकूंना फोन लावला, चित्र देता येणार नाही, हात राहिलेत. स्पीकरवर होता.
काकू: "भाऊजी, हातांशिवाय लावू. पुढच्या जयंतीला हात काढा."
"असं कसं? लोक काय म्हणतील?"
"काय म्हणतील? म्हणतील, मास्तर पुढच्या वर्षी पण येणार आहेत."
बाबांनी फोन ठेवला. चष्मा काढून पुसला. या वेळी खरंच ओला होता.

१२ एप्रिल, शनिवार
सकाळी बाबा म्हणाले, तो सिनेमा परत आण. आता बघतो.
 लायब्ररीतून कोणीतरी नेला असेल अशी आशा केली. होता.
ते सोफ्यावर, सरळ बसून. मी शेजारी. सबटायटल्स त्यांना अजून वाचता येत नाहीत, मी वाचत होते. बोट. पेट्या. म्हातारा आला.
"हा का?" पुढे झुकले. "मी जाडा समजत होतो."
कोंबडीचं वाक्य आलं. हसले. मग सैनिक आले, त्याला दाराशी घेऊन गेले. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. "बाबा, त्या दिवशी मी—"
"थांबव."
थांबवला. म्हातारा पडद्यावर तसाच, भिंतीपाशी, दोन्ही हात समोर धरलेले.
"गोळी मला ऐकू आली होती," बाबा म्हणाले. "डोळ्यात फुगा होता. कानात नव्हता."
"मग रोज विचारायचात कशाला?"
"तू सांगायचीस म्हणून."
 आठवडाभर समजत होते की मी त्यांना सांभाळतेय.
"पुढचं नको," म्हणाले. "पुढचं मला तुझं माहीत आहे. कागद आण. कोळसा पण."
आणला. ते पडद्याकडे बघत होते, एकदा उजवा डोळा झाकून, एकदा डावा. म्हाताऱ्याचे हात. मोठाले, साखळ्या ओढून ओढून जाड झालेले. पहिली रेघ मारली. मनगट, अंगठा, तळवा. हात थांबला.
"सरळ आली का?"
मी कागदाकडे बघितलं.
"प्राची. इथे दार आपटलं असं सांगायचं नाही."
"नाही बाबा. वाकडी आहे."
"कुठे?"
"मनगटापाशी. बाहेरच्या बाजूला गेली."
"किती?"
मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी माझ्या बोटावर आपलं बोट ठेवलं, तिथवर पुसलं, पुन्हा मारली.
"आता?"
"थोडी आत घ्या."
घेतली. पडद्यावरचा म्हातारा थांबून आहे. आम्ही अजून अंगठ्यावर आहोत.