एकोणीस दिवस कमी

ठाकुर्ली,
२४ फेब्रुवारी २०२५

ति. फेलिशिया आत्यास,
हेझलचा सा. न.

मायना नीट लिहिलाय, तपासून घे. मागचं पत्र तू लाल पेनाने खुणा करून परत पाठवलंस, ते शेनने फ्रिजवर लावलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बायकोचे मार्क दाखवतो. नवऱ्याला हसायला निमित्तच हवं असतं.

फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून पत्रं, हे ठीक. पण हृदयाचं काय? डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं की झडप बदलावीच लागेल आणि एप्रिलच्या पुढे ढकलू नका. तू आधी नाताळ होऊ दे म्हणालीस. आता म्हणतेस उपवासकाळ येतोय, मग ईस्टर, मग वर्षाचा बाटली मसाला कुटायचा, मग पावसात जखम सुकत नाही, तेव्हा सप्टेंबरात बघू. नेमका सप्टेंबरच का, हे मला कळत नाही. घाबरली असशील तर तसं सांग. मी रजा टाकून कोलशेतला येऊन राहते.

शेनचा नमस्कार. लोभ आहेच, तो वाढला तर आमची हरकत नाही.

तुझी,
हेझल

—

कोलशेत,
२ मार्च २०२५

चि. हेझल,
अ. आ.

'उपवासकाळ' बरोबर लिहिलास, शाबास. बाकी पत्रात वकिली फार आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी ३ सप्टेंबरला मी मृत्युपत्र केलं. हे घर आणि मागची वाडी चर्चच्या ट्रस्टला, गावासाठी दवाखाना चालवायला. स्वतःच्या हाताने लिहिलं, दोन साक्षीदार घेतले आणि निबंधकाच्या कचेरीत पाकीट बंद करून ठेवून आले. वकिलाकडे गेले नाही. कायदा मला ठाऊक आहे, चांगलाच ठाऊक आहे.

आमचे टेरेन्स काका, ज्यांचा फोटो माझ्या ओटीवर आहे, ते बिनलग्नाचे. त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात गेली, कारण तेव्हा ठाण्यापर्यंत न्यायला बैलगाडी होती. म्हणून ही सगळी जागा त्यांनी दवाखान्यासाठी लिहून ठेवली. पण आपल्या ख्रिस्ती लोकांसाठी कायदा असा, की पुतणे किंवा भाचरं असताना धर्मादाय दान करायचं तर मृत्युपत्र केल्यावर बारा महिने जगावं लागतं. काका एकोणीस दिवस कमी जगले. मृत्युपत्र फुकट गेलं आणि जागा आम्हा दोघांना आली, तुझ्या डॅडींना आणि मला. आम्ही 'कायदाच तसा आहे' म्हटलं आणि सह्या केल्या. डॅडींनी अर्धी विकून ठाकुर्लीला फ्लॅट घेतला. उरलेल्या अर्ध्यावर मी राहते.

म्हणून सप्टेंबर. ऑपरेशनच्या टेबलावर गेले तर हेही फुकट जाईल आणि तुझे डॅडी आता नाहीत, तेव्हा घर तुला मिळेल. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रोज एक दिवस खोडते. तू इतकी घाई का करतेस, असा विचार एकदा माझ्या मनात आला. आला तो आला, लपवत नाही.

आशीर्वाद, नेहमीचेच.

आत्या

—

ठाकुर्ली,
९ मार्च २०२५

ति. आत्यास,
सा. न.

तुझ्या पत्रातली माझ्या घाईबद्दलची ओळ वाचली आणि मी मांडलेलं जेवण तसंच झाकून ठेवलं. खूप रडले. रागही आला. मग या फ्लॅटच्या भिंतींकडे बघितलं आणि वाटलं, तुला असं वाटलं तर त्यात नवल काय?

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या वैशालीकडे गेले. ती कल्याण कोर्टात वकिली करते. तुझं नाव न घेता विचारलं. तिने कपाटातून जुनं जाडं पुस्तक काढलं, तिच्या वडिलांच्या वेळचं. त्यात तो कायदा होता, तू लिहिलास तसाच, बारा महिने वगैरे. पण त्या कलमावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीची तिरकी रेघ होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं : जुलै २००३, सुप्रीम कोर्ट, घटनाबाह्य.

आत्या, तो कायदा मेलाय. बावीस वर्षं झाली! केरळातल्या एका फादरने कोर्टात जाऊन विचारलं की ही अट आमच्यावरच का. हिंदूंना नाही, मुसलमानांना नाही, पारशांनाही नाही. इंग्रजांनी ती आपल्या देशातून आणली आणि तिकडे १९६० सालीच काढून टाकली, पण इथे ती तशीच राहिली. तीन न्यायाधीशांनी तो कायदा घटनेशेजारी ठेवून बघितला, समानतेत बसत नाही म्हणाले आणि संपलं. ना मोर्चा, ना निवडणूक. राणीच्या राज्यापासून चालत आलेली गोष्ट, जिच्यापुढे टेरेन्स काका हरले, तुम्ही दोघं मान खाली घालून सह्या करून आलात, ती तीन माणसांच्या लिहिण्याने नाहीशी झाली. मी वैशालीला तीनदा विचारलं, खरंच असं करता येतं का. ती म्हणाली की घटनेपेक्षा मोठा कायदा या देशात नाही, पार्लमेंटने केलेलासुद्धा. फक्त कोणीतरी दार वाजवावं लागतं. तिच्या वडिलांनी, महेंद्रकाकांनी, ती रेघ मारली तेव्हा घरात सगळ्यांना बोलावून दाखवली होती म्हणे.

निकालाची प्रत सोबत आहे. टेरेन्स काकांसाठी त्याला पंधरा वर्षं उशीर झाला. डॅडींच्या ट्रंकेत काकांच्या मृत्युपत्राची नक्कल होती, तीही पाठवतेय. ती आमच्याकडे असायला नको होती.

आता तू उद्या गेलीस तरी घर दवाखान्यालाच जाणार, मला एक वीटही मिळणार नाही. आतातरी मी तुला ऑपरेशन कर म्हणू शकते ना?

रागावलेली, पण तुझीच,
हेझल

—

कोलशेत,
१६ मार्च २०२५

चि. हेझल,
अ. अ. आ.

एक 'अनेक' जास्त लिहिलाय, चुकून नाही.

तुझं पाकीट आल्यापासून भिंग आणि डिक्शनरी घेऊन बसले आहे. इंग्रजी अवघड आहे, पण शेवटचा निर्णय कळला. तो वाचला आणि उभी राहिले. घरात कोणी नव्हतं, तरी उभी राहिले.

आता माझी लाज ऐक. सत्तावीस वर्षं मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. 'घटनेशी विसंगत कायदा न्यायालय रद्द करू शकते' हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि एका गुणाला हमखास येतं म्हणून पाठ करून घेतलं. जुलै २००३ मध्येही मी वर्गात होते. कोण जाणे, त्याच आठवड्यात तो धडा चालू असेल. माझ्याच काकांना हरवणारा कायदा दिल्लीत पडत होता आणि मी मुलांचं शुद्धलेखन तपासत होते. मला वाटायचं, तो धडा परीक्षेसाठी असतो. आपल्या घरापर्यंत तो येतो, हे बाईंनाच ठाऊक नव्हतं.

मी तुझ्यावर संशय घेतला. पोरी, मला माफ कर. हे वाक्य मी कोणत्याही विद्यार्थिनीला कधी लिहिलेलं नाही.

डॉक्टरांना सांग, येते. बाटली मसाला यंदा तू कूट, आणि मिरच्या पुरत्या भाज.

आशीर्वाद घे आणि थोडे मलाही दे, लागतील.

आत्या

—

कोलशेत,
२० जून २०२५

चि. हेझल,
अ. आ.

झडप छान चालते आहे. तुझा मसाला मात्र करपलाय, चार गुण कापले.

बातमी अशी. हॉस्पिटलात पडल्या पडल्या काकांचं मृत्युपत्र पुन्हा वाचलं, आणि इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं ते सुचलं. त्या कायद्याने काकांचा हात धरला होता, आमचा नाही. जागा हातात आल्यावर तुझे डॅडी आणि मी ती दुसऱ्याच दिवशी देऊ शकलो असतो. कोणतंच कोर्ट आड आलं नसतं. कोर्टाने कायदा काढला, पण द्यायचं ते आम्हालाच द्यायचं होतं.

म्हणून माझं मृत्युपत्र पाकिटात राहू दे. ओटी आणि पुढची खोली मी आत्ताच दिली. ट्रस्टची डॉक्टरीण मंगळवारी आणि शुक्रवारी येते. पहिला केसपेपर माझा, मी हट्टाने काढून घेतला. दुसरा काळुराम रंगाऱ्याच्या सुनेचा, सातवा महिना लागलाय तिला. आमच्या ओटीवर, काकांच्या फोटोखाली बसून तिने ब्लडप्रेशर तपासून घेतलं. मी आत जाऊन जरा रडले.

पाटी काळुरामनेच रंगवली : 'टेरेन्स दवाखाना, स्थापना ८ जानेवारी १९८८'. तू पाठवलेल्या मृत्युपत्रावरची तारीख. तो दोनदा विचारायला आला की बाई, साल चुकलंय का. मी सांगितलं, साल बरोबर आहे, उशीर आम्ही केला.

रविवारी शेनला घेऊन ये. लोभ मोजू नकोस, कॅलेंडरसुद्धा मी आता मोजत नाही.

तुझी आत्या,
फेलिशिया