लाल गाडीची रास्त किंमत

३ मार्च, सोमवार
समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर त्यांची लाल स्पोर्ट्स कार विकताहेत. दोन दारं, दोन सीटा, वय अकरा वर्षं. मागतात सात लाख. कॉलेजात असल्यापासून मला अशी गाडी हवी आहे. घ्यायचीच, पण रास्त किमतीला. ऑफिसातल्या जुन्या खुर्च्या-पंख्यांच्या लिलावाची किंमत अठरा वर्षं मीच ठरवतो, त्यामुळे मला कोणी गंडवू शकत नाही. बायकोने विचारलं, दोन्ही मुलं कुठे बसणार? तपशील नंतर बघू.

४ मार्च
ऑफिसचं सूत्र लावलं. वर्षाला दहा टक्के घट, अकरा वर्षांची एकशेदहा. म्हणजे खरं तर डॉक्टरांनीच मला पैसे द्यायला हवेत. एवढं ताणायचं नाही. मोठ्या मनाने तीन लाख ठरवले.

६ मार्च
गाडी बघून आलो. चेहऱ्यावर आनंद दिसू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. स्टिअरिंग धरल्यावर डॉक्टर म्हणाले, हसताय छान, पण उजवी दाढ दाखवून घ्या. मग त्या खोलगट सीटमधून मला उतरता येईना. डॉक्टरांनी दोन्ही हात धरून बाहेर ओढलं. तीन लाखांचा विषय काढण्यासारखी परिस्थिती नव्हती.

९ मार्च, रविवार
सेलमध्ये गाडीचं कव्हर मिळालं, घेऊन टाकलं. माप डोळ्यांनीच घेतलं होतं. पार्किंगची जागाही रिकामी केली, मुलांच्या सायकली गॅलरीत आणल्या. आता तिथे कपडे वाळत घालता येत नाहीत. बायको ओले कपडे घेऊन गच्चीवर गेली. तिचा पाठिंबा आहे.

११ मार्च
नामी युक्ती सुचली. तीन अनोळखी गिऱ्हाइकं पाठवायची. प्रत्येकाने दोन-अडीच लाखच सांगायचे. डॉक्टर खचले की मी तीन लाख घेऊन जायचं. हात जोडून चावी देतील. ऑफिसचा शिपाई आणि मुलांचे शिकवणीचे मास्तर तयार झाले. तिसरा मेव्हणा. त्याला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून अगदी योग्य माणूस.

१५ मार्च
शिपाई आणि मास्तर जाऊन आले. डॉक्टर खचले का, विचारलं. दोघंही म्हणाले, चहा दिला, खूश दिसले. खचलेली माणसं असंच वागतात.

१७ मार्च
दाढ दाखवायच्या निमित्ताने गेलो. तोंड उघडं असताना घासाघीस करता येत नाही, हे आधी लक्षात आलं नव्हतं. डॉक्टर आपणहूनच सांगत होते, आठवड्यात तीन गिऱ्हाइकं आली, एवढी मागणी असेल असं वाटलं नव्हतं, आता आठ लाख. दाढ गेली.
संध्याकाळी मेव्हण्याला फोन. म्हणाला, चक्कर मारली, गाडी झकास आहे. आवडली असं दाखवू नकोस, मी बजावलं. त्याने घाईने फोन ठेवला. समजूतदार आहे.

२१ मार्च
आता घाई डॉक्टरांना आहे. मी हलणार नाही. खिडकीतून पाहिलं, गाडी जागेवर नव्हती. सर्व्हिसिंगला दिली असणार. खर्च त्यांचा, उत्तम.

२३ मार्च, रविवार
सकाळी मेव्हणा आला. लाल गाडीतून.
सात लाख चाळीस हजार दिले म्हणे. मी जाब विचारला. तो म्हणाला, “भाऊजी, तुम्ही दोन लाख म्हणायला सांगितलं होतं, पण त्यांच्यासमोर बसल्यावर मला लाज वाटली.”
सूत्राप्रमाणे तो चार लाख चाळीस हजारांना बुडाला आहे. वहीत मांडून दाखवलं. तोवर बायको गाडीत त्याच्या शेजारी जाऊन बसली होती. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिचं हसणं ऐकू येत होतं. मला फार वाईट वाटलं. मेव्हण्यासाठी.
त्याच्या इमारतीत पार्किंग नाही. बायकोने आमची जागा देऊन टाकली, म्हणाली, रिकामीच तर आहे.
संध्याकाळी कव्हर मीच घातलं. त्याआधी पाच मिनिटं आत बसलो, कोणी बघत नव्हतं. उतरायला बायकोला हाक मारावी लागली.
कव्हर मात्र तंतोतंत बसलं. माझा अंदाज सहसा चुकत नाही.