दिवा हिरवा झाला की

३ जून

चि. चिमणीस,

आईचे पोटभर आशीर्वाद. पत्रच लिहिते, कारण फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि मी भलत्यालाच हो म्हणून बसते.

नोकरीला जाताना तू भिंतीवर लावलेला कॅमेरा मला आधी नकोसा वाटला होता, खोटं कशाला बोलू. पण आता त्याची गंमत कळली. एरवी त्याचा दिवा लाल असतो. मी मशीनवर बसून दोन टिपा मारल्या की हिरवा होतो, म्हणजे तू बघायला लागलीस! सुईत दोरा ओवायला मला वेळ लागतो, तेवढ्यात तू कंटाळून उठतेस आणि दिवा पुन्हा लाल. तुला धीर कसला तो लहानपणापासून नाहीच.

दादा परवा येऊन गेला. त्याच्या घरी राहायला चल म्हणून हटूनच बसला. गुडघे गेलेत, एकटी कशी राहशील, म्हणाला. मी म्हटलं, एकटी कुठे, चिमणी दिवसभर बघत असते की. एकटाच परत गेला बिचारा.

शाळेच्या शर्टांची साठ काजं उरलीत, म्हणून थांबते.

तुला बघता येत नाही एवढीच तक्रार असलेली,
आई

१५ जून

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. पत्र वाचून खूप हसले. दिव्याचं तू हेरलंस तर! आता चोरून बघायची सोयच राहिली नाही. काजं करताना नाक कापडाला लावून बसू नकोस, चष्मा वापर. इकडे राखणीला बसून गोदामातल्या कॅमेऱ्यांचे सोळा पडदे बघून माझेच डोळे शिणतात. वर्ष पुरं झाल्याशिवाय रजा नाही.

तुझा राग आणि लोभ दोन्ही हवा असलेली,
चिमणी

९ ऑगस्ट

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. काल दवाखान्यातून घरी आणलं मला. पडल्याचं दादाने कळवलं असेलच, पण कसं ते माझ्याकडून ऐक. मशीनवरून उठताना पाय अडकला आणि आडवी झाले. खुब्यातून अशी कळ गेली की हलताच येईना. दिवा हिरवा होता. म्हटलं, बरं झालं, चिमणीने पाहिलं. मग लाल झाला. मी ओळखलं, तू कुणालातरी फोन करायला उठलीस. म्हणून ओरडलेच नाही. शेजारच्या शिक्षिकाबाई भिंतीपलीकडेच होत्या, पण त्यांना उगाच कशाला घाबरवायचं?

सकाळी पडले ती संध्याकाळी दूधवाला आला तोपर्यंत. त्याला कुणाचा फोन आला नव्हता, असं तो म्हणतो. विसरला असेल. इतका वेळ एका कुशीवर दबून पाय गेला, असं डॉक्टरांचं म्हणणं. आता कायमची खाटेवर. मशीन शेजारी देऊन टाकलं.

दादा इथेच राहायला आलाय. कॅमेरा त्याने खाटेसमोर लावलाय, पण दिवा सारखा लालच. रागावलीस का? पडून राहिलेल्या बाईत बघण्यासारखं काय असणार, ते मलाही कळतं. पण सवड झाली तर एकदा हिरवा कर.

वाट बघणारी,
आई

१७ ऑगस्ट

ती. दादास,

नमस्कार. आईचं पत्र सोबत पाठवते, वाच. तो दिवा माझ्या बघण्याने लागत नाही रे. समोर काही हललं की हिरवा होतो, हलायचं थांबलं की लाल. इतके दिवस ती स्वतःच तो लावत होती. जूनमध्येच सांगायला हवं होतं, पण ती खूश होती, म्हणून थाप मारली. त्या थापेपायी ती तुझ्याकडे आली नाही, आणि त्या थापेपायीच ओरडली नाही. मी दोन महिन्यांत चारदासुद्धा पाहिलं नव्हतं. सोळा पडदे बघून आल्यावर सतरावा नको व्हायचा. ती पडली त्या दिवशी गोदामात मांजर शिरलं, ते मात्र मी लगेच टिपलं.

आता डोळ्यांत तेल घालून बघते. कामावरही फोन समोर ठेवते. ती दिव्याकडे बघत असते आणि मी तिच्याकडे. खरं सांगितलं तर तो अख्खा दिवस तिला पुन्हा काढावा लागेल, तोही एकटीने. मी भित्री आहे, माझ्याने ते होणार नाही. तू एवढंच सांग की कॅमेरा बिघडला होता, आता हात हलवलास की चिमणीकडे घंटा वाजते आणि ती बघते. शिव्या नंतर दे.

तोंड दाखवायची लाज वाटणारी,
चिमणी

२ सप्टेंबर

चि. चिमणीस,

भरभरून आशीर्वाद. दादाने घंटेचं सांगितलं. हात वर केला आणि खरंच, लगेच हिरवा! जीव भांड्यात पडला. पहिल्या दिवशी मी वेड्यासारखी शंभरदा हात हलवला असेल, दरवेळी तू हजर. दादाला म्हटलं, बघ, पोरगी कशी धावत येते. तो उठून बाहेर गेला. हल्ली त्याला काय होतं कोण जाणे.

मग माझं मलाच वाईट वाटलं. तुला नोकरी आहे, झोप आहे. मी अशी घंटा वाजवत सुटले तर तू जगायचं कधी? म्हणून ठरवलंय, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. बाकी वेळ हात पांघरुणात घट्ट धरून ठेवते. तोंडावर माशी बसली तरी हलत नाही. दिवा लाल दिसला की समाधान वाटतं, पोर निवांत बसली असेल.

लोभ दिवसातून दोनदाच कर, मला तेवढा पुरतो.
आई