हलक्या औषधाचा दिवस

सर, मी नर्सला भारी अँटिबायोटिकची बाटली काढायला सांगितलं तेव्हा पेशंट बाईच्या मुलाने सलाइनची दांडीच घट्ट धरली. आर्णीकडच्या तांड्यावरचा शेतकरी, माझ्याच वयाचा. आईला याडी म्हणणारा. "याडीचं भारी औषध काहून काढून राह्यले, मॅडम? आशा सोडली का?"

ती आयसीयूत आली तेव्हा रक्तदाब यंत्रावर लागतही नव्हता. रक्तात कोणता जंतू शिरला हे कळेपर्यंत थांबता आलं नसतं, म्हणून सगळ्यात भारी ते मीच सुरू केलं होतं. काल दुपारी रिपोर्ट आला. जंतू साध्या इंजेक्शनने मरणारा निघाला. आणि भारी औषधाने तिच्या किडन्या मंदावत चालल्या होत्या. पिशवीत लघवी जेमतेम तळाला. हे सगळं मी त्याला समजावलं. त्याने दांडी सोडली. पण इंजेक्शनची एवढीशी कुपी पाहून त्याचा चेहरा पडला तो पडलाच. मी त्याला काचेबाहेर थांबायला सांगितलं आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

तुमच्या वॉर्डात मी नवी होते. असंच एकदा केसपेपरवर औषध बदलून कँटीनला गेले. तुम्ही मागोमाग येता, उभ्यानेच माझा कप उचलता. "औषध हलकं केलं नं तू? मंग तिथं जाऊन बस. चहा मी पितो." मी चिडून गेले आणि बसले. नातेवाइकांना धीर यावा म्हणून तुम्ही बसवता, असं तेव्हा धरून चालले. तुम्ही हयात होतात तोवर विचारलं नाही.

संध्याकाळकडे तिचा ताप पुन्हा चढला. भारी औषध मी फ्रिजमध्ये ठेवायला लावलं होतं. ते परत लावावं म्हणून दोनदा उठले. दोन्ही वेळा आधी रक्तदाब पाहिला. तो टिकून होता. परत बसले. काचेपलीकडून मुलगा पाहत होता. त्याच्या आईला मी सोडलेलं नाही, हे त्याला दिसत होतं. तो तिथे नसता तर मी घाबरून ते औषध पुन्हा लावलं असतं, सर; बसण्याने धीर त्याला नाही, मला येत होता. हे इथे कोणाला सांगितलेलं नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, हे बरं आहे.

आज सकाळी ताप होता, थोडा कमी. लघवीची पिशवी अर्ध्याच्या वर भरली होती. नर्स ती रिकामी करायला घेऊन गेली, तेव्हा मुलगा तिच्या मागोमाग दारापर्यंत गेला.