मॉडेल २०१२

भिंगार,
शनिवार, १० जानेवारी २०२६

प्रिय कैनात,

अस्सलामु अलैकुम. आसिफला सलाम सांग, बाळाला माझ्या आणि अब्बांच्या खूप खूप दुआ. त्याचा साडेतीन महिन्यांचा डोस झाला का? ताप आला तर घाबरू नकोस. सुई टोचलेली जागा चोळू नकोस, शेकूही नकोस. तुझ्या सासूबाई शेक म्हणतील, त्यांना माझं नाव सांग.

रोज फोन होत असताना अम्मीने पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर बोलायचं तर तुझे अब्बा शेजारीच बसलेले असतात आणि तू लगेच 'स्पीकरवर टाका' म्हणतेस. परवा गाडीवरून तू जे जे बोललीस ते सगळं त्यांनी ऐकलं. उठले आणि मांजरीला दूध घालायला गेले. म्हणून म्हटलं, लिहावं. घरात आपण कसंही बोलत असलो तरी शाळा दोघींची मराठी. लिहायला मला हीच भाषा येते.

तर गाडीचं. तू म्हणालीस, "या वयात तुम्हाला कुठे रेस लावायची आहे?" रेस कोण लावतंय? ती लांब पल्ल्याची गाडी आहे. अडीचशे सीसी, २०१२चं मॉडेल, लाल रंग, पुढे वाऱ्याला काच. नाव सांगितलं तरी तुझ्या लक्षात राहणार नाही, कंपनीने ते मॉडेल बंद करूनही बरीच वर्षं झाली. टाकीवर पोट टेकवून बसावं लागतं तसल्यातली ती नाही. पाठ बरीचशी सरळ राहते आणि दिवसभर चालवली तरी मनगटं धरत नाहीत. हे अब्बांचं म्हणणं. कर्जतला आसाराम गुरुजी म्हणून एक रिटायर शिक्षक आहेत, त्यांची गाडी. पहिल्यापासून त्यांच्याच हातातली. गुरुजी तिच्यावर कन्याकुमारीला जाऊन आले. आता कंबर ऐकत नाही म्हणून विकताहेत. मोबाईलवर फोटो बघून अब्बा म्हणाले, "हमिदा, बघून येऊ या का?"

तू म्हणतेस पार्ट मिळणार नाहीत. भिंगारच्या बाजारात तीस वर्षं ज्याने लष्करातल्या लोकांच्या बंद पडलेल्या गाड्या चालू करून दिल्या, त्याला पार्टची काळजी करायला शिकवू नकोस. पुढच्या वर्षी पंधरा वर्षं होतील, पुन्हा पासिंग करावं लागेल. करू की. आरटीओ काही चंद्रावर नाही.

आणि चालवण्याचं म्हणशील, तर राजूरला नर्स असताना बारा वर्षं मी गिअरची मोटारसायकल चालवली. मागे लसीचा डबा, पुढे टाकीवर कधी कधी तू. तुला आठवत नसेल, पण घाटात तू झोपायचीस आणि मी एका हाताने तुला धरून उतरायचे. आता असं कुणी केलेलं दिसलं तर मी त्या बाईला थांबवून झापेन. ते असो.

अब्बांची तब्येत छान आहे. गॅरेज सध्या बंद ठेवलंय, जरा आराम.

उद्या रविवार. सकाळच्या एसटीने कर्जतला जातोय. एसटीने अशासाठी, की गाडी पसंत पडली तर तिच्यावरच परत यायचं. दोन हेल्मेटं पिशवीत भरून ठेवली आहेत. बाकीचं आल्यावर लिहिते.

सोमवार, १२ जानेवारी

कैनात, वरचं पान फाडून टाकणार होते. मग तसंच ठेवलं. त्यातलं एक वाक्य खोटं आहे आणि ते मी तुला आठ महिने सांगत आले आहे. बाळाला आसिफकडे दे, बस आणि मग पुढे वाच.

मे महिन्यात मी तुला सांगितलं होतं की अब्बांचा बीपी वाढला, दोन दिवस दवाखान्यात ठेवलंय. तो बीपी नव्हता. अर्धांगाचा झटका होता. डावी बाजू गेली होती. पाय महिन्या-दीड महिन्यात सुधारला, बोलणंही जवळजवळ पहिल्यासारखं झालं. डावा हात मात्र नाही. मूठ वळत नाही. गॅरेजचं शटर त्या दिवसापासून खाली आहे.

तुला तेव्हा पाचवा महिना होता. आधीचं एक गेलेलं, डॉक्टरांनी अंथरुणावरून उठू दिलं नव्हतं. अब्बांनी मला कसम घातली. व्हिडिओ कॉलवर तू तेव्हापासून त्यांचा फक्त उजवा हात पाहिला आहेस. तुझ्या बाळंतपणाला मी एकटी नाशिकला आले, त्यांना खोकला आहे, तान्ह्या बाळाजवळ नको, असं सांगितलं. तू रुसलीस. त्यांनी इथे बसून तो रुसवा सोसला.

आता कालचं सांगते.

गुरुजींचं घर कर्जतच्या थोडं बाहेर, शेतातच आहे. गाडी अंगणात उभी होती, काय चकाकत होती म्हणून सांगू! गुरुजींची बायको रतनबाई म्हणाल्या, "चालवनार हे, पन पुसनार मी. तेरा वर्सं पुसली बाई. आता तुमी पुसा." गुरुजी हसले. माणसं मोकळी वाटली.

अब्बा गाडीभोवती दोनदा फिरले. उकिडवे बसून चेन बघितली. गुरुजींना गाडी मधल्या स्टँडवर रेटायला लावली, पुढचं चाक अधांतरी करून एका हाताने हँडल डावीकडे, उजवीकडे फिरवलं. चालू करायला सांगून इंजिनाजवळ कान नेला. आठ महिन्यांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. मग गुरुजी सहज बोलून गेले, "शेखभाई, एक चक्कर मारून या की."

अब्बा बसले. मला वाटलं, नुसतेच बसतील. त्यांनी डावा हात क्लचवर ठेवला. बोटं लिव्हरपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी उजव्या हाताने डाव्याची बोटं एकेक करून आवळली. सोडली की ती पुन्हा उघडायची. दोनदा केलं, तीनदा केलं. गुरुजी लिंबाच्या झाडाकडे बघत राहिले. रतनबाई चहा आणते म्हणून आत गेल्या.

अब्बा उतरले. म्हणाले, "गाडी चांगली आहे गुरुजी. पण राहू द्या."

कैनात, मी घरून ठरवून निघाले होते की ते हो म्हणतील त्याला हो म्हणायचं. गाडी कशीही असली तरी घ्यायची. का, ते लिहितेच. पण ते नाही म्हणाले तरी माझा पाय गाडीपासून निघेना. आधी वाटलं त्यांच्यासाठीच. पण मग लक्षात आलं की मला ती गाडी हवी आहे. ते चाक, ती काच, ते लांबलचक सीट मी एसटीत बसल्यापासून डोळ्यांपुढे घेऊन आले होते. मला हवी होती. मी किती वर्षांत असं काही मागितलं नव्हतं.

"किल्ली द्या, गुरुजी," मी म्हटलं.

"तुम्ही?"

"गिअरचं लायसन आहे. रिन्यूसुद्धा केलंय."

गुरुजींनी अब्बांकडे बघितलं. आतून रतनबाईंचा आवाज आला, "त्यांच्याकडं काय बघताय वो? बाई मागतीया किल्ली, बाईला द्या."

पहिल्यांदा गाडी फाटकातच बंद पडली. दुसऱ्यांदा सुटली ती थेट मिरजगावच्या रस्त्याला. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसावर आलेली, रस्ता मोकळा. पाचवा गिअर टाकला, मग कळलं की सहावा पण आहे. गाडी जड आहे, उभी असताना जाणवतं. चालायला लागली की सगळं वजन रस्ताच घेतो. मी बावन्न वर्षांची आहे, गुडघा कुरकुरतो, चष्म्याचा नंबर वाढलाय. त्या वीस मिनिटांत यातलं काहीही माझ्याबरोबर नव्हतं.

परत आले तेव्हा अब्बा फाटकाशी डोळे मिटून उभे होते. इंजिन ऐकत होते.

"हँडलचा कोनसेट गेलाय, वळवताना मधेच अडकतं," ते म्हणाले. "चेन-स्प्रॉकेट बदलायला झालंय. पुढच्या शॉकअपला तेल येतंय. तेरा वर्षांच्या गाडीला एवढं असायचंच. इंजिन मात्र गोड आहे. आणि तू दुसरा गिअर उशिरा टाकतेस."

"घ्यायची का?"

"झेपेल तुला?"

"झेपली की."

किंमत ठरली, कागदांवर सह्या झाल्या. किती दिले ते विचारू नकोस. निघताना रतनबाईंनी गाडी पुसायचं पिवळं फडकं धुऊन, घडी घालून माझ्या हातात दिलं.

येताना अब्बा मागे बसले. त्यांचा उजवा हात माझ्या खांद्यावर होता. मिरजगावच्या पुढे एका रसवंतीपाशी मी गाडी थांबवली. रस प्यायचा होता असं नाही. आठ महिने जे तोंडातून निघत नव्हतं ते काढायचं होतं.

झटका आला त्या दिवशी सकाळी साडेनऊला त्यांनी मला फोन केला होता, कैनात. हे तुलाच काय, कुणालाच माहीत नाही. माझं लसीकरणाचं सत्र चालू होतं, समोर वीस बायका, रडणारी पोरं. ते म्हणाले, "हमिदा, पाना हातातून सारखा पडतोय." मी म्हणाले, "हातावर झोपला असाल. चहा घ्या आणि जरा पडा." आणि फोन ठेवला. एकोणतीस वर्षं मी गावोगाव हेच सांगत आले आहे. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर एक मिनिट घालवू नका. माझ्या माणसाला मी चहा सांगितला.

दोनला घरी आले तर ते गॅरेजच्या बाकावर आडवे होते, बाजूला चहाचा कप. मी सांगितला म्हणून केलेला. दवाखान्यात पोचेपर्यंत तीन वाजून गेले. डॉक्टरांनी विचारलं, "कधी सुरू झालं? साडेचार तासांच्या आत असेल तर इंजेक्शन देता येतं." वेळ टळलेलीच होती. तरी मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात अब्बा अडखळत म्हणाले, "माहीत नाही. झोपलो होतो." माझ्याकडे बघून म्हणाले. त्यानंतर त्या फोनचा विषय आमच्यात कधीच निघाला नाही.

काल रसवंतीच्या बाकावर मी तो काढला. म्हटलं, "तुम्ही फोन केला होता."

"हो."

"मी ऐकलं नाही."

त्यांनी रसाचा ग्लास बाकावर ठेवला. मग म्हणाले, "राग आला होता, हमिदा. अजून येतो. बरणीचं झाकण उघडत नाही तेव्हा येतो. मग उतरतो."

"मग डॉक्टरांना खोटं का सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी कुणाच्या पोराला सुई टोचू शकली असतीस का?"

मला रडू आलं. रसवंतीवाला बघत होता, बघू दे म्हटलं. अब्बांनी उजव्या हाताने माझ्या हेल्मेटचा पट्टा लावायचा प्रयत्न केला, जमला नाही, मीच लावला. म्हणाले, "चल. उजेड आहे तोवर नगर गाठू. आणि दुसरा गिअर जरा लवकर टाक."

तर आता तू ठरव, मी ही गाडी का घेतली. भरपाई म्हणून घेतली असती तर ते मला रोज कळलं असतं आणि त्यांनाही. मी ती मला हवी होती म्हणून घेतली. यात मला काहीही चुकीचं वाटत नाही, आणि तू 'भंगारात द्या' म्हणालीस तरी देणार नाही. आज सकाळी अब्बांनी गॅरेजचं शटर उजव्या हाताने अर्ध्यापर्यंत वर नेलं, बाकीचं मी ढकललं. मी रजा टाकली आहे. कोनसेट ते बदलताहेत. पाना ते फिरवतात, नट मी धरते. मी चुकीचा धरला की ओरडतात. बरं वाटतं.

आरसीवर मालक म्हणून माझं नाव लागणार आहे, हमिदा मोहियोद्दीन शेख. काम झालं की फेब्रुवारीत नाशिकला येतो, नातवाला बघायला. वाटेत दोनदा थांबू. अब्बा मागे बसलेले असतील.

मी तुझ्याशी खोटं बोलले याची माफी मागते. त्या चहाची माफी मात्र तुझ्याकडे मागत नाही, ती तुला देता येणार नाही आणि तू उगाच देऊही नकोस. तुझे अब्बा आहेत ते. तुला राग येणार. येऊ दे.

वाचून झालं की मला फोन कर, त्यांना नको. मी सत्रावर असेन, समोर पोरं रडत असतील, तरी उचलेन. तुला जे बोलायचं असेल ते बोल. तू ठेवल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही.

तुझी,
अम्मी